नाताळच्या सुट्टीत काय बघताय, काय वाचताय? नुसती नावं नकोत, कोणासाठी तेही सांगा

गोदातीर
२० डिसेंबर, रात्री ९.४०

राम राम मंडळी,

नाताळची सुट्टी तोंडावर आली. निफाडचा पारा किती उतरला याची बातमी पेपरात पहिल्या पानावर यायला लागली आहे आणि रात्री नऊनंतर नाशिकच्या कॉलेज रोडवरची गर्दीसुद्धा कानटोप्या चढवून घरची वाट धरते. वाचायला आणि बघायला याहून चांगले दिवस नाहीत.

आमचं घर या वेळी भरलेलं असणार. पुण्याहून बहीण, तिचे यजमान आणि दोन मुलं येतायत. थोरला कॉलेजात आहे. धाकटी सातवीत, इंग्रजी माध्यमाची. मराठी फाडफाड बोलते, पण वाचताना जोडाक्षराला अडखळते. शिवाय आमची आई, पंच्याहत्तरी ओलांडलेली, कानाने कमी ऐकू येतं. दिवाळीत सगळे एकाच खोलीत होते आणि प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये. ते मला पुन्हा नकोय. रात्रीची जेवणं उरकली की एक तर सगळ्यांनी मिळून सिनेमा, नाहीतर कोणीतरी मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं ठरवलंय.

एकच विनंती. "अमुक बघा, भारी आहे" एवढ्यावर थांबू नका. कोणाबरोबर बघायचं, कोणाच्या हातात द्यायचं आणि का, तेही लिहा. माणूस बघून सुचवलेलं पुस्तकच वाचून होतं, हा माझा अनुभव आहे.

सुरुवात मी करतो. घरातल्या सगळ्यांसाठी 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९, परेश मोकाशी). त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या एका माणसाने घरातलं सामान विकून, विलायतेला जाऊन कॅमेरा आणला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्याची ही गोष्ट. इतक्या मोठ्या कामाचं दडपण सिनेमात कुठेही नाही. नंदू माधव यांचे फाळके सतत उत्साहात असतात आणि विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई त्यांच्या प्रत्येक खटाटोपात बरोबरीने उभ्या राहतात. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवतानाचं चित्रीकरण मुलांनी जरूर बघावं. हातात मोबाईल असलेल्या पोरांना त्या एका प्रसंगातून सिनेमा म्हणजे काय ते कळतं.

कादंबरी म्हणाल तर व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. मी ती मोठ्याने वाचणार आहे, कारण तिची वाक्यं छोटी आहेत आणि प्रत्येक वाक्यात काहीतरी दिसतं. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, कारभारी, आयबू, दादू बालट्या. सातवीतल्या मुलीलाही सगळं कळेल आणि आजीलाही.

आता तुमची पाळी.

---

वाचनवेडी_सिडको
२० डिसेंबर, रात्री १०.१५

धागा आवडला. 'बनगरवाडी'ला +१. फक्त एक सांगते, शेवटची प्रकरणं सलग वाचू नका. दुष्काळ पडतो तिथे आवाज जड होतो. आमच्याकडे बाबांनी वाचली होती तेव्हा त्यांना मध्येच पाणी प्यायला उठावं लागलं होतं.

भाचीसाठी 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). तोही मोकाशींचाच. पंढरपूर, कार्तिकीची जत्रा आणि आईच्या अडचणीपायी जाऊ घातलेली सायकल वाचवायला जत्रेत बांगड्यांचं दुकान मांडणारी भावंडं. मुलांच्या सिनेमात मोठी माणसं मुलांसारखी बोलतात ते मला खपत नाही. इथे मुलं मुलांसारखीच बोलतात, व्यवहारही त्यांच्या वयाला शोभेल असाच करतात. पैसे मोजतानाचे त्यांचे चेहरे बघा.

थोरल्यासाठी मिलिंद बोकील यांची 'शाळा'. कॉलेजात गेलेल्या मुलाने वाचायची ही कादंबरी आहे. नववीत असताना वाचली तर ती आपलीच वाटते, दोन-चार वर्षं मध्ये गेल्यावर वाचली तर कळते. जोश्या, शिरोडकर, वर्गातली टवाळी, बाहेर आणीबाणी. २०१२ साली सिनेमाही आला, पण आधी पुस्तक.

---

देवळाली_कॅम्प
२० डिसेंबर, रात्री ११.०५

आईंसाठी सुचवतो. माझ्या वडिलांनाही ऐकू कमी येतं, त्यामुळे हा प्रश्न जवळचा आहे. हल्लीच्या सिनेमात पार्श्वसंगीत संवादांवर चढतं आणि कुजबुजून बोलण्याची पद्धत आहे, त्यामुळे वयस्कर माणसं दहा मिनिटांत कंटाळतात. त्यांना सिनेमा आवडत नाही असं आपण समजतो. खरं तर त्यांना ऐकूच येत नसतं. जुने कृष्णधवल मराठी सिनेमे लावा. शब्द न् शब्द स्वच्छ. राजा परांजपे यांचा 'लाखाची गोष्ट' (१९५२) किंवा 'जगाच्या पाठीवर' (१९६०). पहिल्यात ठरलेल्या मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे असा पेच आहे, आणि तो पेच लहान मुलांनाही लगेच कळतो. दुसऱ्यात गदिमांची गाणी आणि सुधीर फडके यांचं संगीत. आईंना गाणी पाठच असणार, त्यामुळे ऐकू येण्याचा प्रश्न तिथे निम्मा सुटतो.

आणि मराठी सबटायटल असतील तर बेलाशक लावा. भाचीचं वाचनही सुधारेल.

---

गंगाकाठची_मावशी
२१ डिसेंबर, सकाळी ७.३०

फाळक्यांचं नाव निघालंय तर पुढचंही सांगते. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत झाला, पण त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशकात हलवलं आणि पुढची कितीतरी चित्रं इथंच काढली. त्यातला 'कालिया मर्दन' (१९१९) आजही बऱ्यापैकी शाबूत आहे. मूकपट आहे, म्हणजे गोदातीर, तुमच्या आईंना आणि सातवीतल्या मुलीला अगदी सारखाच कळणार.

त्यात कृष्ण झालीये फाळक्यांची लेक मंदाकिनी. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती पोर नुसती कॅमेऱ्यासमोर उभी आहे आणि चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते. हसू, राग, भीती. ना वेश ना देखावा, फक्त तिचा चेहरा. मग तीच कृष्ण होऊन डोहात उडी घेते. शंभर वर्षांपूर्वीची मुलगी आहे ती. माझी नात तिच्याकडे बघता बघता आरशापुढे जाऊन तसेच चेहरे करायला लागली.

फाळके गेले तेही नाशकातच, १९४४ साली. मुलांना घेऊन पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात जा, पण आधी हा सिनेमा दाखवा. म्हणजे नाव कोणाचं आहे ते कळेल.

आता पुस्तक. कादंबरी नाही, पण कादंबरीहून सरस. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. बाई आपल्या, जलालपूरच्या. वडिलांच्या सोवळ्याचे प्रसंग, अकराव्या वर्षी झालेलं लग्न, नवरा ना. वा. टिळक यांचा विसराळूपणा, त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावरची ताटातूट, पुन्हा एकत्र येणं. इतकं सोसलेल्या बाईने इतकं हसत लिहावं! एकही वाक्य दया मागत नाही. घरात वाचायचं तर एकेक प्रसंग घ्या, प्रत्येक प्रसंग स्वतंत्र रंगतो. नाशिकच्या गल्ल्या आणि गंगेचा, म्हणजे आपल्या गोदेचा काठ त्यात येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

---

गोदातीर
२१ डिसेंबर, सकाळी ९.१०

मावशी, 'कालिया मर्दन' पक्का. पहिल्याच रात्री.

देवळाली_कॅम्प, तुम्ही म्हणता ते अगदी खरं आहे. आई "मला झोप येतेय" म्हणून उठून जाते. तिला ऐकू येत नसेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आजच सबटायटलचं बघतो.

---

अंबड_सेकंडशिफ्ट
२१ डिसेंबर, दुपारी ३.४५

माझं मत जरा वेगळं. वर्षभर कंपनीत डोक्याला ताप. सुट्टीत तरी हलकंफुलकं बघू द्या. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) लावा, अख्खं घर हसेल. संवाद सगळ्यांना पाठ असतात तरी पुन्हा हसू येतं, यातच त्याचं मोठेपण आहे. सचिन, अशोक सराफ आणि लक्ष्या या तिघांची वेळ साधण्याची जी हातोटी आहे ती नंतरच्या विनोदी सिनेमांत फार कमी दिसते.

गोदातीर, तुमच्या भावजींबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. त्यांना रहस्य वगैरे आवडत असेल तर 'वाळवी' (२०२३). एक नवरा आणि त्याची मैत्रीण मिळून बायकोच्या खुनाचा बेत आखतात, तो आत्महत्या वाटावा म्हणून सगळी तयारी करतात, आणि मग एकेक गोष्ट बिघडत जाते. मुलं झोपल्यावर बघा. पुढचं काही वाचू नका, कोणाला विचारू नका, झलकसुद्धा बघू नका.

---

सह्यभटका
२१ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

मी कादंबरी सुचवतो आणि तिच्याबरोबर एक किल्ला.

रणजित देसाई यांची 'स्वामी' बहुतेकांनी वाचलेली असते, पण कधी? शाळेत, नाहीतर आईच्या कपाटातून काढून. आता पुन्हा वाचा, आणि या वेळी माधवराव आणि राघोबादादा यांच्या बेबनावाकडे नाशिककर म्हणून बघा. आनंदवल्ली आपल्या रोजच्या रस्त्यावर आहे, ती राघोबादादांची. पुढे १७६८ साली काका-पुतण्याची गाठ पडली ती आपल्याच जिल्ह्यात, धोडपला. तिथे राघोबांचा पराभव झाला आणि त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं गेलं.

थंडीत धोडप करा. पायथ्याच्या हट्टी गावातून वर जायचं. माथ्याच्या कड्याला मध्येच पडलेली ती सरळ खाच लांबूनसुद्धा ओळखू येते. खाचेजवळ बसून खाली पसरलेला मुलूख बघितला की कादंबरीतला तो तेवीस वर्षांचा पेशवा कुठल्या वाटेने आला असेल याचा विचार डोक्यातून जात नाही. कॉलेजातल्या भाच्याला घेऊन जा. आधी कादंबरी, मग किल्ला. मुलांना इतिहास नको असतो असं आपण उगाच म्हणतो. पायाखाली आणून दिला तर त्यांना तो हवाच असतो.

---

निफाड_बागायतदार
२१ डिसेंबर, रात्री ११.५०

आम्हाला नाताळची सुट्टी नसते, पण वाचायला वेळ असतो, तो सांगतो. द्राक्षाला थंडी फार उतरली की मणी तडकायची भीती असते. मग पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबकने पाणी सोडायचं, म्हणजे जमिनीतला गारवा थोडा तुटतो. मोटारीची लाईट रात्रीची असली की शेडमध्ये बल्बखाली बसून राहावं लागतं. मी गेल्या काही हिवाळ्यांत जे वाचलंय ते असंच, स्टार्टरच्या पेटीशेजारी बसून.

सदानंद देशमुख यांची 'बारोमास' वाचा. शिकलेला पोरगा, शेती, कर्ज, घरातली भांडणं. विदर्भातली गोष्ट आहे, पण बांधावरची भाषा सगळीकडे एकच. शहरातल्या माणसांनी ती सुट्टीतच वाचावी असं मला वाटतं, कारण कामाच्या दिवसांत ती वाचून होणार नाही. पिकाला भाव का मिळत नाही याचं उत्तर त्यात नाही. भाव मिळाला नाही की त्या रात्री घरात कोण कोणाशी काय बोलतं, ते त्यात आहे.

सिनेमा पाहिजे तर 'गाभ्रीचा पाऊस' (२००९). नवरा जिवाचं काही बरंवाईट करून घेईल या धास्तीने बायको त्याच्यावर पाळत ठेवते. विषय असा, पण हसूही येतं, आणि आमच्याकडे खरंच तसंच असतं. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. आमच्या घरी बायकांनी आधी बघितला, मग आम्हाला बसवून दाखवला.

---

अंबड_सेकंडशिफ्ट
२२ डिसेंबर, दुपारी ३.२०

निफाड_बागायतदार, मी हलकंफुलकं बघा म्हणालो होतो, पण तुमची पोस्ट वाचून 'बारोमास' शोधायला सुरुवात केली. माझे आजोबा चांदवडकडचे. कांदा करायचे. घरात बोलणं कसं बंद व्हायचं ते मला आठवतं.

---

वाचनवेडी_सिडको
२२ डिसेंबर, रात्री ८.३०

हलकं की जड, हा वाद दरवर्षी होतो, म्हणून माझं म्हणणं मांडते. मी बँकेत आहे. घरी येते तेव्हा डोळे थकलेले असतात, मग चार पानांवर झोप लागते. त्यामुळे हलकं मी वर्षभर वाचते आणि जड सुट्टीसाठी राखून ठेवते. सकाळी उठून, ऊन अंगावर घेत, कोणी हाक मारणार नाही अशा दोन तासांत जे वाचून होतं ते एरवी होत नाही.

यंदा माझ्यापुढे श्री. ना. पेंडसे यांचे 'तुंबाडचे खोत'चे दोन जाडजूड खंड आहेत. जगबुडी नदीच्या काठचं खोतांचं घराणं, चार पिढ्या. नवीन वाचकाने जाडी बघून घाबरू नये. पन्नास पानांत माणसं ओळखीची होतात, मग आपण त्यांच्या घरचेच होतो. आणि नावात तुंबाड आहे म्हणून हिंदी सिनेमाशी गल्लत करू नका. त्याच्या गोष्टीचा या कादंबरीशी संबंध नाही.

ज्यांच्याकडे दोनच दिवस आहेत त्यांनी विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) घ्यावी. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावरचा मराठी तरुण आणि जर्मनीतून जीव वाचवून निघालेली ज्यू मुलगी हेर्टा. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी मराठीत हे लिहिलं गेलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पानं थोडी, पण संध्याकाळी हातात घेतलीत तर रात्रीचं जेवण उशिरा होईल.

---

गंगाकाठची_मावशी
२२ डिसेंबर, रात्री ९.१५

कोणीच अजून 'गोदावरी'चं नाव घेतलं नाही? नाशिकचा धागा आहे हा!

निखिल महाजन यांचा सिनेमा. त्यांनी आणि आपल्या नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांनी मिळून लिहिलाय. जितेंद्र जोशीला २०२१ च्या 'इफ्फी' या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. जुन्या नाशकात भाडं वसूल करत फिरणारा, घरच्यांवर चिडलेला, नदीवर चिडलेला निशिकांत. विक्रम गोखले आजोबा, नीना कुळकर्णी आई.

---

अंबड_सेकंडशिफ्ट
२२ डिसेंबर, रात्री १०.००

मावशी, मी बघितलाय. मनापासून सांगतो, फार संथ वाटला. हिरो सगळ्यांवर नुसता खेकसतो आणि का खेकसतो ते बराच वेळ कळत नाही. घरच्यांना घेऊन बसलो होतो, मुलं उठून गेली.

---

गंगाकाठची_मावशी
२३ डिसेंबर, सकाळी ७.४०

मुलांसाठी तो नाहीच, ते मान्य. पण संथ म्हणून सोडू नका.

मी जन्मापासून गंगेवर राहते. आमच्याकडे पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघून माणसं पुराचं मोजमाप करतात. एरवी त्याच पाण्यात अस्थी सोडायला बाहेरगावची माणसं येतात, बाजूला कपडे धुतात, पोरं उड्या मारतात, भाजी विकतात. या सगळ्यात राहणारा माणूस नदीकडे बघतच नाही. रोज दिसतं ते कशाला बघायचं? निशिकांत तसाच आहे. बापाचं, आजोबांचं, वाड्याचं, देवाचं ओझं त्याला नको आहे आणि ते टाकून जायला जागा नाही. तो खेकसतो, कारण त्याला दुसरं काही बोलताच येत नाही. अशी माणसं आमच्या आळीत आहेत. त्यांची बाजू मांडणारं आजवर कोणी नव्हतं.

रात्री एकट्याने बघा. घाई नसताना. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रामकुंडावर एक चक्कर मारा.

---

देवळाली_कॅम्प
२३ डिसेंबर, सकाळी १०.३०

मावशींनी जसं जीव लावून लिहिलंय त्यावरून मी तो पुन्हा बघणार.

आणखी एक आपल्याच जिल्ह्यातला, हिंदी आहे पण सांगायलाच हवा. 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', २०२५ च्या फेब्रुवारीत आला, रीमा कागती यांचा. यंत्रमागांच्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणारा नासिर शेख मित्रांना गोळा करून 'मालेगाव के शोले' काढतो, ही खरी हकिकत. त्याआधी २००८ साली फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपटही केला होता. दोन्ही बघा, आधी माहितीपट. सायकलवर, बैलगाडीवर कॅमेरा बांधून शॉट घेणारी ती खरी माणसं बघितली की मग सिनेमातले नट त्यांचे वाटतात.

कॉलेजातल्या मुलाला हा दाखवाच. फाळक्यांनी सामान विकून सिनेमा काढला आणि शंभर वर्षांच्या आत त्यांच्याच जन्मजिल्ह्यात नासिरने लग्नाच्या शूटिंगच्या कॅमेऱ्यावर काढला. गोदातीर, तुमच्या 'फॅक्टरी'नंतर दुसऱ्या रात्री हा लावा, मुलं आपसूक दोन्हीची सांगड घालतील. एक लक्षात असू द्या, शेवटाकडे रडू येतं.

---

गोदातीर
२३ डिसेंबर, रात्री ९.००

धाग्याने माझी सुट्टी आखूनच दिली. बहीण आज पोचली. भाचीला 'स्मृतिचित्रे'मधला एक प्रसंग वाचून दाखवला, आई मध्ये मध्ये "आमच्याकडेही असंच होतं" म्हणत तिच्या लहानपणचं सांगायला लागली. पुस्तक बाजूला राहिलं आणि तासभर आईच बोलत होती. मला एवढंच हवं होतं.

भावजींना 'वाळवी' सांगितला आहे. त्यांना राजकारणाचीही आवड आहे. काही सुचवाल?

---

सह्यभटका
२३ डिसेंबर, रात्री ९.४०

डोळे झाकून 'सिंहासन' (१९७९). जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर, अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री श्रीराम लागू, आणि हे सगळं बघत हिंडणारा पत्रकार दिगू म्हणजे निळू फुले. निळूभाऊंना फक्त खलनायक म्हणून ओळखणाऱ्या पिढीने हा दिगू बघायला हवा. तो फारसं काही करत नाही, फक्त बघतो आणि त्याला सगळं कळत असतं.

भावजी वाचणारे असतील तर सिनेमा झाल्यावर 'मुंबई दिनांक' द्या. सिनेमात न मावलेली मुंबई तिच्यात आहे.

---

प्रश्नचिन्ह
२४ डिसेंबर, दुपारी १२.१०

धागा पहिल्यापासून वाचला. माझा प्रश्न: मुलगा दहा वर्षांचा, मराठी माध्यम, वाचतो पण फक्त कॉमिक्स. त्याला पुढे कसं न्यावं? आणि पुस्तकं विकत घेण्याआधी चाळायला कुठे मिळतील?

---

वाचनवेडी_सिडको
२४ डिसेंबर, दुपारी १.३०

कॉमिक्स वाचतो म्हणजे अर्धं काम झालंय. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. प्रत्येक प्रकरणात काहीतरी घडतं आणि बन्या संकटात उडी घेतो. कॉमिक्सचा वेग त्यात आहे. पहिलं प्रकरण तुम्ही वाचा आणि ऐन रंगात थांबा, पुढचं तो स्वतः वाचेल. मग वर्ष-दोन वर्षांत जयंत नारळीकरांची 'प्रेषित'. विज्ञानकथा म्हणून नाही, गोष्ट म्हणून द्या.

चाळायला 'सावाना'त जा, म्हणजे आपलं सार्वजनिक वाचनालय. १८४० पासूनची संस्था आहे. मुलालाच घेऊन जा आणि त्याला स्वतः निवडू द्या. तुम्ही निवडलेलं तो ठेवून देईल.

---

गंगाकाठची_मावशी
२४ डिसेंबर, संध्याकाळी ५.००

दहा वर्षांच्या मुलाला 'श्यामची आई' पण द्या हो. हल्ली "फार रडकं आहे" म्हणून लोक टाळतात. साने गुरुजींनी ते १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे त्याला आधी सांगा. कैदेतला माणूस रात्र रात्र आईच्या आठवणी लिहितोय हे कळलं की पोरं वेगळ्या कानांनी ऐकतात. एका रात्री एकच 'रात्र' वाचा, गुरुजींनी तशीच तर मांडणी केलीये. आणि अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालेला. वनमालाबाईंची आई रडकी नाहीये, कडक आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला ती फोकाने मारून विहिरीकडे पिटाळते, तो प्रसंग त्याला दाखवा.

---

निफाड_बागायतदार
२५ डिसेंबर, पहाटे ४.४०

शेकोट्या पेटवून झाल्या, पाणी सुरू आहे. गोदातीर, तुमची 'बनगरवाडी' मुलाकडून आणवून घेतली आणि काल रात्री सुरू केली. आयबूपर्यंत आलोय. मास्तर तालीम बांधायचं मनावर घेतोय. वाचनवेडीताई, शेवटी दुष्काळ आहे हे तुम्ही वर लिहिलंय ते मी वाचलंय, तरी पुढचं कोणी सांगू नका.

---

गोदातीर
२५ डिसेंबर, सकाळी ८.१५

नाही सांगत. ही संपली की माडगूळकरांचीच 'सत्तांतर' घ्या. वानरांच्या टोळ्यांमधली सत्तेची झुंज, माणूस त्यात जवळपास नाहीच. इतकी लहान आहे की पाण्याच्या एका पाळीत होईल. माझ्याकडे प्रत आहे. रविवारी पिंपळगावला येणं आहे, निरोप दिलात तर घेऊन येतो.